‘कडू भोपळा’मधलं सहावं गाणं

१

“ही कुणी उलटली?” इर्शादनं विचारलं.

भिंतीवर नऊ चिठ्ठ्या होत्या. नऊ गाणी, नऊ चिठ्ठ्या, सुताराच्या पेन्सिलनं लिहिलेली नावं. सहावी चिठ्ठी उलटी होती. टाचणी तीच, जागा तीच, फक्त नाव भिंतीकडं आणि कोरी बाजू आमच्याकडं.

मिरजेतली, सतार करणाऱ्यांच्या गल्लीतली ती खोली. एप्रिलमधला शुक्रवार, दुपारचे तीन. डोक्यावर वाळत टांगलेले चाळीस-पन्नास भोपळे. खायचे नव्हेत, कडू भोपळे, ज्यांची सतार होते. भिंतीला तयार सतारी टांगलेल्या. त्यांच्या मधोमध आमचा माइक, आणि माइकपुढं, तोंडाची फुंकर अडवायला, भरतकामाच्या रिंगीत ताणून बसवलेला प्रणोतीचा जुना पायमोजा. या खोलीत आम्ही तिघांनी सात महिने खपून रॅपचा अल्बम केला होता. नाव ‘कडू भोपळा’. रविवारी सकाळी अकरा वाजता तो लोकांना ऐकवायचा होता.

“चाचांनी उलटली असणार,” इर्शाद म्हणाला. कारखाना त्याच्या दस्तगीरचाचांचा होता. “दुसऱ्या कुणाला माहितीये हे?”

‘हे’ म्हणजे त्या कारखान्याचा रिवाज. वाद्य जमलं नसेल, तर ते बिघडलंय असं कुणी तोंडानं म्हणायचं नाही. गुपचूप तोंड भिंतीकडं करून टांगून ठेवायचं. ज्यानं केलं तो सकाळी येतो, बघतो, काढून घेतो आणि दोष स्वतः शोधतो. चाचा म्हणायचे, “दोष सांगितला की हात सांगणाऱ्याचे होतात. मग ते वाद्य करणाऱ्याचं राहत नाही.”

प्रणोती कोपऱ्यात भुश्श्याच्या पोत्यावर बसून कैरी खात होती. ड्यूटीवरून थेट आलेली, नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा पांढरा ड्रेस, पायांत कॅनव्हासचे बूट. “वाऱ्यानं उलटली असेल,” ती म्हणाली.

“टाचणीसकट?”

“वारं मिरजेचं आहे, भावा. काहीही करतं.”

मी चिठ्ठीकडं बघत होतो. “सहावं म्हणजे ‘बाटली’,” मी म्हणालो. जणू ते दुसऱ्याच कुणाचं गाणं होतं.

ते माझं होतं. एकट्याचं.

२

इर्शादनं दाराच्या मागच्या बाजूला क्लासिकचे नियम लिहून ठेवले होते. आम्ही तिघंही बावीस-तेवीस वर्षांचे, पण अल्बम क्लासिक कशानं होतो हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. एकही गाणं पुढं ढकलावंसं वाटू नये. ज्या गावात केलं त्या गावाचा वास आला पाहिजे. दहा वर्षांनी ऐकताना तोंड लपवावं लागू नये. आणि एक तरी गाणं असं पाहिजे, की ऐकणाऱ्यानं मान फिरवून डोळे पुसावेत.

त्याखाली चाचांनी आपल्या हातानं पाचवा नियम लिहिला होता : दार लावून घ्या, धूळ येते.

“चौथा नियम म्हणजे ‘बाटली’,” इर्शाद दारावर बोट आपटत म्हणाला. “तेच काढलं तर राहिलं काय? चाचांना रॅपमधलं काय कळतं? मकरंद, तू अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या बापाचं गाणं आहे ते. त्याला कोण हात लावतंय बघतो मी.”

“एकदा वाजव ना,” प्रणोती म्हणाली.

“आत्ता?”

“हां. मकरंदलाही ऐकू दे.”

इर्शादनं वाजवलं. माझाच आवाज, खरवडलेला, घसा दाबून काढलेला :

एक चप्पल पायात, एक गटारीच्या काठी
आई पहाटे निघते दुसरी शोधण्यासाठी

पुढं बाप आईला मारतो. पुढं बाप नदीच्या घाटावर पडलेला सापडतो. पुढं मी, दहा वर्षांचा, मडकं धरून.

इर्शादनं मान फिरवली. सात महिन्यांत शंभर वेळा ऐकलं असेल त्यानं, तरी फिरवली. प्रणोती कैरीची कोय चोखत समोर बघत राहिली.

माझे वडील त्या वेळी जिवंत होते. आजही आहेत. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. खोकल्याच्या औषधानंसुद्धा त्यांना गुंगी येते.

३

हे कसं झालं ते सांगतो. त्यात फार काही नाही.

कोल्हापुरात एका हॉलमध्ये माइक खुला होता, कुणीही यावं आणि आपलं म्हणावं. माझ्याआधी पाच जण म्हणून गेले. एकाचं घर पाडलेलं, एकाचा भाऊ तुरुंगात, एकजण कचऱ्याच्या गाडीवर काम करत होता. आणि मी सांगलीच्या विश्रामबागेतला मकरंद घोडके. वडील मिरजेच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात, आई शिकवण्या घेते, गुरुवारी घरी साबुदाण्याची खिचडी. माझ्याकडं सांगण्यासारखं काहीही नव्हतं. रॅपचं नाव तेवढं मी ‘घाव’ ठेवलं होतं.

तिथं उभ्या उभ्या मी बाप मारून टाकला. आठ ओळींत.

खाली उतरलो तर एक दांडगा, अनोळखी पोरगा येऊन मला मिठी मारून रडला. तो इर्शाद. शेजारी प्रणोती होती, रॅपमधली ‘सिस्टर’. तिनं चहा आणून दिला. त्या चहानंतर ‘अरे, ते आपलं उगाच होतं’ असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आज म्हणू, उद्या म्हणू, करता करता दीड वर्ष गेलं. त्यांना मी कधी घरी नेलं नाही. आई माणसांत बसत नाही, असं सांगून ठेवलं होतं. आई त्या वेळी सोसायटीची सेक्रेटरी होती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी गेलो तर बाबा शर्टाला इस्त्री करत होते. आकाशी रंगाचा नवा शर्ट.

“रविवारी अकरालाच ना?” त्यांनी विचारलं.

“काय अकराला?”

“तुमचं ते. गाणी ऐकवणार आहात ना? दवाखान्याच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानात कागद लावलाय. तुझंही नाव आहे. घाव. आमच्या डिपार्टमेंटला मी सांगितलं, हा घाव म्हणजे आमचा मक्या.”

“बाबा, ते तुम्हाला आवडायचं नाही. फार आवाज असतो.”

“आवाजाचं काय, मशीनजवळच नोकरी केली सगळी.” ते कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिले.

आई आतून म्हणाली, “त्यांच्यावर गाणं आहे, आणि म्हणे येऊ नका!”

मी आतल्या दाराशी गेलो. “कुणी सांगितलं?”

“बाथरूममध्ये घोकत नव्हतास का? बाप माझा, बाप माझा. नळाच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही, पण तेवढं आलं.”

बाबांनी शर्ट हँगरला लावला, वरचं बटण घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मला वाटलं आनंदानं.

लहानपणी मी रडून रडून श्वास कोंडून घ्यायचो, तेव्हा ते मला टेबलावर बसवून एक्स-रे खोलीतल्या आवाजात म्हणायचे : “श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.” अहोजाहो करून, पेशंटला म्हणतात तसं. मी हसायचो आणि श्वास सुटायचा. एका दमात बारा ओळी म्हणायची माझी जी ताकद, तिचं इर्शाद कौतुक करायचा, ती तिथली. त्याला मी सांगितलं होतं, कृष्णेत बुड्या मारून कमावली.

४

शनिवारी सकाळी आठला कारखान्यात गेलो. माझा हिशेब सरळ होता. चाचांना कुठून तरी माझ्या बापाचं कळलंय, म्हणूनच चिठ्ठी उलटली. त्यांचे पाय धरायचे, रविवारपर्यंत गप्प राहा म्हणायचं, आणि बाबांना कसंही करून घरी थांबवायचं.

चाचा घोडी घासत होते. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत एकदा फिरवायची. मी समोर बसलो.

“चाचा, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“क्या?”

“माझ्या वडिलांचं.”

“काय झालं त्यांना?”

“काही नाही. बरे आहेत.”

कानस थांबली. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “बरे आहेत? मग गाण्यात मेलाय तो कोण?”

अशा रीतीनं मी माझ्याच तोंडानं सांगून बसलो. मग राहिलेलंही सांगितलं. कोल्हापूर, मिठी, चहा, आकाशी शर्ट. चाचा ऐकत होते आणि अधूनमधून तार छेडत होते. मला वाटलं आता कानाखाली बसणार.

“चिठ्ठी मी नाही उलटली,” शेवटी ते म्हणाले. “तुमच्या गाण्यातलं मला काय कळतंय? तेवढं इर्शाद बरोबर म्हणतो.”

“मग कुणी?”

“ते मला विचारू नको. पण एक सांगतो. इकडं ये.” त्यांनी मला एका तयार सतारीजवळ नेलं. “या वरच्या तारा वाजवायच्या. या खालच्या बारीक, या तरफा. यांना कुणी हात लावत नाही. वरची सुरात लागली की या आपोआप बोलतात.” ते तोंड जवळ नेऊन नुसतं “हूं” म्हणाले. सतार तिच्या आत कुठंतरी, लांबून, “हूं” म्हणाली.

“तुमचं रेकॉर्डिंग चाललेलं असतं तेव्हा मी बाहेर बसतो. तू बोललास, ती पोरगी बोलली, की आत या सगळ्या हुंकार देतात. इर्शाद त्याला खरखर म्हणतो, मला ते गोड लागतं. पण तुझ्या त्या बाटलीत सगळ्या गप्प. का? तू घसा दाबून काढतोस. नुसती हवा. त्यात तुझा सूर नाही, तर या बोलतील कुणाशी?”

मी एका तरफेला बोट लावलं.

“एक जागा सोडून,” चाचा म्हणाले. “ती चप्पल. ते ऐकलं तेव्हा माझा हात थांबला होता. बाकी सगळं सिनेमा आहे, चप्पल सिनेमातली नाही. ती कुणाची आहे?”

५

दवाखान्याच्या मागच्या गेटला चहाची गाडी आहे. प्रणोती साडेबाराला आली.

“सापडली काय?” तिनं विचारलं.

“काय?”

“दोषाची जागा. कारखान्यातला रिवाजच आहे ना, ज्यानं केलं त्यानं शोधायची.”

“तू उलटलीस.”

“वाऱ्यानं उलटली म्हटलं ना.” तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. “गेल्या सोमवारपासून माझी पोस्टिंग एक्स-रेला आहे, मकरंद.”

गाडीवाला आलं ठेचत होता. ते ठेचणं मला अजून ऐकू येतं.

“पाच दिवस घोडके सरांबरोबर काम करालोय,” ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच, पुरुषासारखं. “पेशंट कितीही ओरडला तरी माणूस आवाज चढवत नाही. परवा माझ्या डब्यात नुसता भात होता तर अर्धी भाकरी दिली, वांग्याचं भरीत दिलं. तुझ्या मेलेल्या बापानं. आणि म्हणतात कसे, सिस्टर, तुम्ही मिरजेच्या ना, रविवारी या, माझ्या मुलानं माझ्यावर गाणं केलंय. काय सांगू मी त्यांना? सर, तुम्ही त्यात घाटावर मेलाय म्हणून?”

“तू मला तेव्हाच का नाही विचारलंस?”

“विचारलं असतं तर माफी मागितली असतीस. तुला ते बरं जमतं. मला माफी नको होती.”

“चप्पल,” मी म्हणालो.

ती चप्पल तिच्या बापाची होती. सुरुवातीच्या दिवसांत स्टँडच्या बाकावर बसून तिनं मला एकदा सांगितलं होतं. बाप पिऊन एकाच चपलेनं घरी यायचा, आई पहाटे दुसरी शोधायला जायची. ती जिथं सापडेल त्यावरून कळायचं, कुठल्या गुत्त्यावर बसला होता. असंच एकदा चप्पल सापडली आणि बाप सापडला नाही. हे तिनं कधी लिहिलं नव्हतं. गाण्यात मी ते घातलं तेव्हा मनाशी म्हणालो होतो, तिला कळणार नाही, सगळ्याच दारुड्यांच्या चपला हरवतात.

“दीड वर्ष मी ऐकून घेतलं,” प्रणोती म्हणाली. “म्हटलं, याचाही बाप तसाच गेलाय, एकासारखी एक दुखणी असतात. एकाच्या ओळी दुसऱ्याला लागल्या तर लागू देत. आणि सोमवारी बघते तर हा माणूस समोर भाकरी मोडालाय.” तिनं चहा संपवला. कप खाली ठेवला. “माझ्या बापानं मागं ठेवलेली वस्तू म्हणजे ती चप्पल, मकरंद. आईनं ती अजून कपाटात ठेवलीय, एकटीच. तूपण तीच घालून फिरालायस.”

“काढतो,” मी म्हणालो. “आजच काढतो.”

“काढशीलच. त्याचं काय नाही. पण इर्शादला तू सांगायचंस. मी नाही.”

जाता जाता ती वळली. “आणि सरांना येऊ दे उद्या. त्यांना आणखी एक थाप मारून घरी बसवलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही.”

७

“जिवंत आहेत?” त्या संध्याकाळी कारखान्यात इर्शाद म्हणाला.

“हो.”

“म्हणजे, आत्ता?”

“आत्ता ड्यूटीवर असतील.”

तो भुश्श्याच्या पोत्यावर बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी वाट बघत राहिलो. शिवी येईल, कानस येईल, काहीतरी येईल.

“लेका, मी दर्ग्यात जाऊन त्यांच्यासाठी फातिहा दिली! दोनदा! उरुसाच्या गर्दीत! आता काय करू, जाऊन परत मागू?”

दारात चाचा उभे होते. ते आधी हसले. मग प्रणोती, जी माझ्याकडं दुपारपासून बघत नव्हती. मग इर्शादही, पण त्याचे डोळे भरलेले होते, आणि हसणं झाल्यावर तो बराच वेळ माझ्याकडं पाठ करून कॉम्प्युटरपुढं बसला. मी सॉरी म्हणालो. “गप बस,” तो म्हणाला. “तुझ्या मिठीत मी रडलो होतो. ते काही परत येत नाही.” यापेक्षा जास्त तो त्यावर कधी बोलला नाही. मला अजून वाटतं, त्यानं बोलायला हवं होतं.

मग त्यानं गाणं उडवलं. पूर्ण. माझ्यासमोर, मूळ फायलींसकट.

“आठ गाणी झाली,” तो म्हणाला. “नंबर बदलतो. सातवं सहावं होईल.”

“नंबर बदलायचे नाहीत,” प्रणोती म्हणाली.

“मग लोक विचारतील ना, सहावं कुठाय?”

“विचारू देत. पाच झालं की सात. जेवढ्या वेळा कुणी विचारेल तेवढ्या वेळा यानं गप्प बसायचं.”

ही माझी शिक्षा होती. चाचांनी मान डोलावली. त्यांना ती वाजवी वाटली असावी.

इर्शाद रुसून म्हणाला, “आता हा क्लासिक होत नसतो. चौथा नियम मोडला.”

“क्लासिकचं मला माहीत नाही,” चाचा म्हणाले. “नवी सतार कोरडी बोलते. दहा-वीस वर्षं वाजवली की मग आवाज उघडतो. पण आत तडा असला तर वीस वर्षं कशाला, पहिल्या उन्हाळ्यात कळतं. दार लावून घ्या.”

८

रविवारी चाळीसेक माणसं आली. भोपळे एका बाजूला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या. गल्लीतले कारागीर, नर्सिंगच्या मुली, कॉलेजची पोरं. बाबा पहिल्या रांगेत, आकाशी शर्टात, मांडी घालून. घामानं पाठ ओली झालेली. शेजारी आई. प्रणोतीनं त्यांना पाणी नेऊन दिलं. “अरे, सिस्टर तुम्हीच का त्या सिस्टर?” असं ते म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं.

पहिलं गाणं सुरू झालं. भिंतीवरच्या सतारी हुंकार देऊ लागल्या. स्पीकरच्या आवाजाला देत होत्या की रेकॉर्डिंगमधला हुंकार होता, कुणास ठाऊक. बाबा मान डोलावत होते, चुकीच्या जागी. प्रत्येक गाणं सुरू झालं की ते जरा ताठ व्हायचे. ते आपल्यावरचं नाही असं कळलं की खांदे खाली यायचे. मग पुढच्या गाण्याला परत ताठ.

पाचवं संपलं.

इर्शादनं मध्ये दोन श्वासांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत बाबांनी शर्टाच्या टोकानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. मग सातवं लागलं, प्रणोतीचं, वॉर्डातल्या पहाटेचं. आठवं, नववं. टाळ्या. कुणीतरी पिशवीतून पेढे काढले.

बाबांवरचं गाणं आलंच नाही.

मधली बडबड
(इंटरनेटवर अल्बमखाली लोकांनी लिहिलेलं, दहा वर्षांनंतर)

— पाचनंतर डायरेक्ट सात?? सहावं कुठाय

— भावा तेच तर जीनियस आहे. सहावं गाणं म्हणजे शांतता. जे बोलता येत नाही ते

— मराठी रॅपमधला एकमेव क्लासिक. का, तर यांना काय गाळायचं ते कळलं

— मागं जो हूं हूं आवाज येतो तो कुठल्या प्लगइनचा आहे? कृपया सांगा

— सहावं गाणं खरंच आहे, माझ्या मित्राच्या मित्रानं ऐकलंय. खतरनाक आहे म्हणे

— अशी शांतता ठेवायला लई विचार केला असणार यांनी

मी कुणालाच उत्तर देत नाही. शिक्षा चालू आहे. प्रणोती, आता स्टाफ नर्स, ती मधूनच हसण्याचं चित्र टाकते. कुणाला कळत नाही का ते.

९

त्या दिवशी आई एका मैत्रिणीकडं थांबली. बाबा आणि मी स्कूटरवरून निघालो. ते चालवत होते, मी मागं. मिरज सुटली. रस्त्यात एक रसवंती लागली, तिथं त्यांनी स्कूटर उभी केली.

“दोन. बर्फ कमी,” ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, “चांगलं झालं हो. ती सिस्टर काय म्हणते! आणि तूही. एका दमात केवढं म्हणतोस.”

“बाबा, तुमच्यावरचं गाणं…”

“नव्हतं ते बरं झालं.”

“खरं सांगू का?” त्यांनी ग्लास फिरवला. “आठवडाभर मला झोप नाही. तुझी आई म्हणाली, तुमच्यावर गाणं आहे. मी म्हटलं, झालं. आता सगळ्या मिरजेपुढं निघणार.”

“काय निघणार?”

“ती थप्पड.”

“कुठली थप्पड?”

“तू तिसरीत होतास. माझी एक्स-रेची फिल्म उन्हात उघडलीस म्हणून मारली होती. पाच बोटं उठली होती गालावर. तू त्या दिवशी जेवला नाहीस.” त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. “तुमच्या त्या गाण्यांत असंच असतं ना, घरच्यांनी काय काय केलं ते? म्हटलं, मनात ठेवलं असेल पोरानं. म्हणाला तर म्हणू दे, आपण खाली मान घालून ऐकायचं. म्हणून पहिल्या रांगेत बसलो. प्रत्येक गाण्याला वाटायचं, आली आता.”

मला ती थप्पड आठवत नव्हती. आजही आठवत नाही.

रसवाल्याचा चरक करकरत होता. मी ग्लास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. कोल्हापूर, चप्पल, घाट. ते सुरुवातीला समजूनच घेईनात.

“म्हणजे मी दारू पितो?”

“गाण्यात.”

“आणि मरतो?”

“हो.”

“कितव्या वर्षी?”

“बेचाळीसाव्या.”

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. “म्हणजे तेव्हा तू चौथीत,” ते म्हणाले. “तुझ्या आईनं एकटीनं कसं केलं असतं रे?” आणि मग, थांबून, “त्या सिस्टरच्या आईनं केलं असेल तसंच.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते बाकावर सरकून जवळ बसले, आणि मी, तेवीस वर्षांचा घाव, रस्त्याच्या कडेला, हातात उसाच्या रसाचा ग्लास, हुंदके द्यायला लागलो. आवाज येईना, श्वास येईना, लहानपणी व्हायचं तसं.

बाबांनी माझ्या छातीवर तळवा ठेवला. फिल्म लावताना ठेवतात तसा, सपाट.

“श्वास घ्या,” ते म्हणाले.

मी घेतला.

“धरा. हलू नका.”

रसवाल्यानं चरक थांबवला होता आणि तो आमच्याकडं बघत होता.

“सोडा.”

मी सोडला.